गुरूच्या दोन राशी पुढे आणि दोन राशी मागे

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ‘पृथ्वीला दुसरा चंद्र मिळणार’ अशी बातमी सगळीकडे झळकली आणि वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तोच मथळा वेगळ्या लघुग्रहाच्या नावाने पुन्हा आला. दोन्ही वेळा ओळखीच्या अनेकांनी हा दुसरा चंद्र कोणत्या दिशेला आणि किती वाजता दिसेल, अशी माझ्याकडे चौकशी केली. दोन्ही वेळा उत्तर तेच होते: तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही आणि तो चंद्रही नाही. पण एवढेच सांगून थांबणे मला रुचत नाही, कारण त्या मथळ्याखाली झाकली गेलेली खरी गोष्ट दुसऱ्या चंद्राहून कितीतरी विलक्षण आहे. सूर्याभोवती फिरणारे काही लघुग्रह एखाद्या ग्रहाचीच वाट धरतात, त्या ग्रहाइतक्याच काळात सूर्याची फेरी पूर्ण करतात आणि शेकडो, हजारो, गुरूच्या बाबतीत तर अब्जावधी वर्षे त्या ग्रहाला न धडकता तिथेच राहतात. हे कसे साधते ते समजून घेण्याजोगे आहे आणि ते मराठीत सविस्तर लिहिले जावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात गुरूपासून करणे सोयीचे, कारण या लघुग्रहांची सर्वांत मोठी वस्ती त्याच्याच वाटेवर आहे. त्यासाठी शाळेतली कंपासपेटी पुरते. कागदाच्या मध्यावर सूर्याचा ठिपका द्यावा, त्याभोवती कंपासने वर्तुळ काढावे आणि वर्तुळावर कुठेही गुरूचा ठिपका द्यावा. मग कंपासमधले अंतर न बदलता त्याचे टोक गुरूवर टेकवून वर्तुळाला दोन्ही बाजूंनी छेद द्यावा. मिळालेल्या दोन छेदबिंदूंपैकी कोणताही एक घेतला, तरी तो बिंदू, सूर्य आणि गुरू यांचा समभुज त्रिकोण होतो. एक बिंदू गुरूच्या ६० अंश पुढे असतो आणि दुसरा ६० अंश मागे. जोसेफ-लुई लॅग्रांज या गणितज्ञाने १७७२ मध्ये, बर्लिनमध्ये असताना, गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना ओढणाऱ्या तीन वस्तूंच्या गतीचा प्रश्न हाताळताना हे उत्तर शोधले. त्याने दाखवले की या ठिकाणी ठेवलेली लहानशी वस्तू सूर्य आणि ग्रह यांच्याशी तो त्रिकोण कायम राखत फिरत राहू शकते. आज या दोन जागांना अनुक्रमे चौथा आणि पाचवा लॅग्रांज बिंदू म्हणतात. सूर्य आणि पृथ्वी यांच्या दरम्यानचा पहिला बिंदू आपल्याकडे आता घरोघरी ठाऊक झाला आहे, कारण ‘आदित्य-एल१’ हे यान जानेवारी २०२४ पासून त्याच्या परिसरात राहून सूर्याचे निरीक्षण करत आहे आणि त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’च्या नेतृत्वाखाली तयार झालेली आहे. मात्र पहिल्या बिंदूवर वस्तू आपोआप टिकत नाही. तिथे यानाला अधूनमधून इंजिन चालवून जागा सांभाळावी लागते. चौथ्या आणि पाचव्या बिंदूंचे वेगळेपण हे की तिथली वस्तू किंचित सरकली तरी निसटून जात नाही.

मराठी माणसाला ही जागा आकाशात दाखवणे आणखी सोपे आहे. साठ अंश म्हणजे दोन राशी. गुरू बारा वर्षांच्या आतबाहेर बारा राशींतून एक फेरी घेतो, म्हणजे साधारण वर्षाला एक रास पुढे सरकतो, हे आपल्याकडे पंचांग न उघडणाऱ्यालाही माहीत असते. तेव्हा गुरू मिथुनेत असेल, तर त्याच्या पुढची लघुग्रहांची वस्ती स्थूलमानाने सिंहेच्या दिशेला आणि मागची मेषेच्या दिशेला असणार. स्थूलमानाने अशासाठी म्हणायचे की हे लघुग्रह बिंदूवर खिळलेले नसून त्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेले आहेत. शिवाय आपण सूर्यावरून नव्हे, पृथ्वीवरून पाहतो. तरीही रात्री गुरूकडे पाहताना त्याच्या दोन राशी पुढे आणि दोन राशी मागे नजर टाकावी. आजवर नोंदले गेलेले त्याचे तेरा हजारांहून अधिक सहकक्षी, म्हणजे त्याच्याच वाटेवरचे, लघुग्रह त्या दोन पट्ट्यांत विखुरलेले आहेत, आणि न सापडलेले त्याहून कितीतरी जास्त असतील.

लॅग्रांजने हे उत्तर गणितातले एक कुतूहल म्हणून मांडले होते. निसर्गात त्याचे उदाहरण सापडायला १३४ वर्षे लागली. २२ फेब्रुवारी १९०६ रोजी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या वेधशाळेत माक्स वोल्फ यांना छायाचित्राच्या काचेवर एक अंधुक लघुग्रह आढळला. वोल्फ हे लघुग्रह शोधण्यासाठी छायाचित्रणाचा वापर करणाऱ्या पहिल्या खगोलशास्त्रज्ञांपैकी एक. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवत बराच वेळ काच उघडी ठेवली की तारे ठिपक्यासारखे उमटतात आणि लघुग्रह मात्र आपल्या चालीमुळे बारीक रेघ ओढतो. ही रेघ जितकी आखूड, तितका लघुग्रह दूर. या नव्या लघुग्रहाची चाल नेहमीच्या लघुग्रहांपेक्षा मंद होती, म्हणजे तो मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्याच्याही पलीकडे होता. स्वीडनमधल्या लुंड येथील कार्ल शार्लिये यांनी त्याच्या कक्षेचा अभ्यास केला आणि तो गुरूच्या पुढच्या लॅग्रांज बिंदूजवळ असल्याचे ओळखले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हायडेलबर्गच्याच आउगुस्ट कॉप्फ यांना गुरूच्या मागच्या बिंदूजवळ दुसरा आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये पुन्हा पुढच्या बिंदूजवळ तिसरा लघुग्रह सापडला. त्याआधी १९०४ मध्ये एडवर्ड बार्नार्ड यांनी अशाच एका लघुग्रहाचे वेध घेतले होते, पण तो काय आहे हे ओळखण्याइतकी निरीक्षणे जमली नाहीत आणि श्रेय हायडेलबर्गला गेले.

व्हिएन्नाच्या योहान पालिसा यांनी या लघुग्रहांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावे द्यावीत असे सुचवले, त्यावरून पहिल्याचे नाव अकिलीज, दुसऱ्याचे पॅट्रोक्लस आणि तिसऱ्याचे हेक्टर ठेवले गेले. पुढे संख्या वाढल्यावर गुरूच्या पुढच्या वस्तीला ग्रीकांची छावणी आणि मागच्या वस्तीला ट्रॉयवासीयांची छावणी मानायचा शिरस्ता पडला, पण तोवर हेक्टर हा ट्रॉयचा राजपुत्र ग्रीकांच्या छावणीत आणि पॅट्रोक्लस हा ग्रीक वीर ट्रॉयच्या छावणीत जाऊन बसला होता. ती नावे बदलली गेली नाहीत आणि मला ते योग्यच वाटते. दोन्ही छावण्यांना मिळून ट्रोजन लघुग्रह म्हणतात आणि आता हा शब्द इतर ग्रहांच्या तशाच सोबत्यांनाही लावला जातो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो: हे लघुग्रह तिथे टिकतात कसे? लघुग्रह गुरूपेक्षा कितीतरी हलका आहे आणि दोघेही एकाच वाटेवर आहेत, तर गुरूने त्याला ओढून गिळून टाकायला हवे होते, असे कुणालाही वाटेल. इथे कक्षेतल्या गतीचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो, जो रस्त्यावरच्या अनुभवाच्या नेमका उलट आहे. सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूला तिच्या चालीच्या दिशेने पुढे ओढले, तर तिची ऊर्जा वाढते, ऊर्जा वाढल्यामुळे तिची कक्षा मोठी होते आणि केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार मोठ्या कक्षेत एका फेरीला जास्त वेळ लागतो. म्हणजे पुढे ओढलेली वस्तू अखेर मागे पडते. उलट, चालीच्या विरुद्ध दिशेने मागे खेचलेली वस्तू ऊर्जा गमावते, सूर्याकडे थोडी सरकते, लहान कक्षेत जाते आणि पुढे निघून जाते. हे एकदा मनात पक्के बसले की या लेखातले पुढचे सगळे सोपे होते. मला स्वतःला हा नियम पहिल्यांदा नीट उमगला, तेव्हा ग्रहगतीबद्दल आधी वाचलेल्या अनेक गोष्टी नव्याने वाचाव्याशा वाटल्या.

ग्रीकांच्या छावणीतला एक लघुग्रह घेऊ. तो गुरूच्या पुढे आहे. समजा, तो साठ अंशांवरून ढळून गुरूच्या थोडा जवळ आला. आता गुरू मागून त्याला अधिक जोराने खेचतो. मागे खेचल्यामुळे लघुग्रहाची ऊर्जा घटते, त्याची कक्षा आखूड होते आणि तो गुरूपासून पुढे पळू लागतो. म्हणजे ओढ गुरूकडची आणि परिणाम गुरूपासून दूर जाण्याचा. मग तो कायमचा दूर का जात नाही? कारण सूर्यही जागेवर स्थिर नाही. गुरूच्या ओढीने सूर्य एका सामाईक केंद्राभोवती डोलत असतो, आणि हे केंद्र सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडते. या डोलण्यामुळे सूर्याची ओढ लघुग्रहाला थोडीशी पुढच्या दिशेला नेते. साठ अंशांवर गुरूचे मागे खेचणे आणि हे पुढे नेणे यांचा बरोबर तोल साधतो. लघुग्रह साठ अंशांच्या पलीकडे गेला की गुरूचा जोर कमी पडतो, पुढची ओढ वरचढ होते, लघुग्रहाची कक्षा वाढते, तो मंदावतो आणि हळूहळू परत गुरूच्या दिशेने येऊ लागतो. असा हा झोका अखंड चालू राहतो. ट्रोजन लघुग्रहाच्या एका पूर्ण झोक्याला साधारण दीडशे वर्षे लागतात, म्हणजे १९०६ मध्ये अकिलीज सापडल्यापासून आजवर त्याचा एक झोकाही पुरा झालेला नाही. गुरूबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाला या झोक्याचा माग बेडूकमाशाच्या आकाराचा दिसेल, गुरूकडचे तोंड गोलसर आणि पलीकडची शेपूट लांब, म्हणून तज्ज्ञ या कक्षांना तेच नाव देतात.

हा तोल टिकायला एक अट आहे, जी गास्को या फ्रेंच गणितज्ञाने १८४३ मध्ये काढून दाखवली: मोठी वस्तू दुसरीपेक्षा सुमारे पंचवीस पटींहून अधिक वजनदार हवी. सूर्य गुरूच्या १,०४७ पट आहे, तेव्हा ही अट सहज पुरी होते. पृथ्वीच्या तर तो सुमारे तीन लाख तेहतीस हजार पट आहे.

झोका खूप मोठा झाला, तर लघुग्रह एका छावणीत मावत नाही. मग तो सूर्याच्या पलीकडून वळसा घालून ग्रहाच्या दुसऱ्या बाजूला पोहोचतो आणि ग्रहाबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाला त्याचा मार्ग घोड्याच्या नालेसारखा दिसतो. पृथ्वीच्या संदर्भात असे समजावे: एक लघुग्रह पृथ्वीपेक्षा किंचित आतल्या कक्षेत आहे, म्हणून तो वर्षागणिक थोडी थोडी आघाडी घेत अखेर मागून पृथ्वीजवळ येतो. पृथ्वी त्याला पुढे ओढते, त्यामुळे त्याची कक्षा वाढते, तो पृथ्वीपेक्षा किंचित बाहेर जातो आणि गाठण्याआधीच मागे पडू लागतो. मग शतकानुशतके मागे पडत तो सूर्यापलीकडून इतका फिरतो की आता पृथ्वीच त्याला मागून गाठू लागते. या वेळी पृथ्वी त्याला मागे खेचते, त्याची कक्षा आखूड होते आणि तो पुन्हा पुढे निघून जातो. दोघांची गाठ कधीच पडत नाही.

क्रुइथ्ने नावाचा, सुमारे पाच किलोमीटर व्यासाचा लघुग्रह हे याचे प्रसिद्ध उदाहरण. डंकन वॉल्ड्रन यांना तो ऑक्टोबर १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंग येथे घेतलेल्या छायाचित्रात सापडला, पण त्याचे पृथ्वीशी असलेले नाते पॉल वीगर्ट, किम्मो इन्नानेन आणि सेप्पो मिक्कोला यांनी १९९७ मध्ये उलगडून दाखवले. त्याचे वर्ष सध्या पृथ्वीच्या वर्षापेक्षा सुमारे एका दिवसाने लहान आहे. त्याची कक्षा मात्र फारच लांबट आहे: सूर्याजवळ येताना तो बुधाच्या कक्षेच्या जवळपास पोहोचतो आणि दूर जाताना मंगळाच्या कक्षेपर्यंत. शिवाय ती पृथ्वीच्या कक्षेला जवळजवळ वीस अंशांनी कललेली आहे. नालेचा एक पूर्ण फेरा सुमारे ७७० वर्षांचा. ‘कक्षा वाटून घेणे’ याचा अर्थ दोघांच्या वाटा हुबेहूब सारख्या असतात असा नाही, हे क्रुइथ्नेमुळे चांगले कळते. सारखा असतो तो फेरीचा काळ, म्हणजे सूर्यापासूनचे सरासरी अंतर. वाटेचा आकार आणि कल पुष्कळ वेगळे असू शकतात.

नालेची चाल कुणाला अगदी डोळ्यांसमोर घडताना हवी असेल, तर शनीच्या जेनस आणि एपिमेथियस या दोन उपग्रहांकडे पाहावे. ते सूर्याभोवती नव्हे, शनीभोवती फिरतात, पण नियम तोच. त्यांच्या कक्षांत जेमतेम ५० किलोमीटरचा फरक आहे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या व्यासापेक्षाही कमी. आतला उपग्रह दर चार वर्षांनी बाहेरच्याला गाठू पाहतो आणि गाठण्याआधीच दोघे कक्षांची अदलाबदल करतात. जे क्रुइथ्नेच्या बाबतीत शतकांचे काम आहे, ते तिथे शाळकरी मुलाच्या आठवणीत बसेल इतक्या वेळात घडते.

पृथ्वीला गुरूसारखे ट्रोजन सोबती आहेत का, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता, आणि त्याचे कारण फार साधे आहे. पृथ्वीच्या पुढचा बिंदू सूर्याच्या साठ अंश पश्चिमेला असतो, म्हणजे तो पहाटे सूर्योदयाच्या चारेक तास आधी उगवतो आणि आकाशात वर चढेपर्यंत उजाडू लागते. मागचा बिंदू सूर्यास्तानंतर तसाच पश्चिमेला उतरत जातो. तिथली वस्तू आपल्यापासून सूर्याइतकीच, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आणि तिचा आपल्याकडचा काही भाग अंधारात. मोठ्या दुर्बिणींना क्षितिजाजवळ झुकून, जाड हवेच्या थरातून, अशी अंधुक वस्तू शोधणे जिकिरीचे जाते. अखेर ‘वाइज’ या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीला ऑक्टोबर २०१० मध्ये दिसलेला २०१० टीके७ हा साधारण ३०० मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पुढच्या छावणीतला असल्याचे मार्टिन कॉनर्स, पॉल वीगर्ट आणि क्रिस्तियां वेये यांनी जुलै २०११ मध्ये जाहीर केले. दुसरा, २०२० एक्सएल५, डिसेंबर २०२० मध्ये हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला सापडला. तो सुमारे १.२ किलोमीटरचा, काळसर कार्बनी जातीचा असून किमान चार हजार वर्षे तिथे राहील असे गणित सांगते. हे दोघेही मूळचे रहिवासी नव्हेत, वाटेने जाताना अडकलेले पाहुणे आहेत. सौरमालेच्या जन्मापासून पृथ्वीबरोबर असलेला एखादा ट्रोजन मिळाला, तर पृथ्वी ज्या द्रव्यातून घडली त्याचा अस्पर्श नमुना हाती येईल, म्हणून बेनू लघुग्रहाकडे निघालेल्या ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पुढच्या बिंदूच्या परिसराची छायाचित्रे घेऊन मुद्दाम शोध केला. काही मिळाले नाही. तरीही लहान ट्रोजन उरले असण्याची शक्यता संपलेली नाही.

आता मथळ्यांमधल्या ‘दुसऱ्या चंद्रां’कडे वळतो. ट्रोजन आणि नालेच्या वाटेने फिरणारे यांच्यानंतर सहकक्षी लघुग्रहांचा तिसरा प्रकार आभासी उपग्रहांचा आहे आणि गैरसमज सर्वाधिक तिथेच होतो. अशा लघुग्रहाचा फेरीचा काळ पृथ्वीइतकाच असतो, पण त्याची कक्षा थोडी अधिक लांबट असते. त्यामुळे सूर्याजवळ असताना तो पृथ्वीच्या पुढे जातो आणि दूर असताना मागे पडतो. वारीत पंढरपूरला एकत्र निघालेल्या दोन वारकऱ्यांपैकी एक सरळ संथ चालत असावा आणि दुसरा कधी उजवीकडून झपाझप पुढे जाऊन, कधी डावीकडून रेंगाळत मागे राहून पुन्हा त्याच्या जोडीला येत असावा, तर पहिल्याला दुसरा आपल्याभोवती फिरतो आहे असेच वाटेल. प्रत्यक्षात दोघेही पंढरीला चाललेले असतात. पृथ्वी नाहीशी झाली तर चंद्र तिच्याभोवतीची फेरी सोडेल, पण आभासी उपग्रह सूर्याभोवती जवळपास त्याच वाटेने फिरत राहील.

अंतरे पाहिली की शंका उरत नाही. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. सूर्याची ओढ असतानाही पृथ्वी एखाद्या वस्तूला आपल्याभोवती धरून ठेवू शकेल, अशी हद्द सुमारे १५ लाख किलोमीटरवर संपते. कामोओआलेवा हा पृथ्वीचा सर्वांत स्थिर आभासी उपग्रह मात्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो, तेव्हाही सुमारे १ कोटी ४५ लाख किलोमीटर दूर असतो. ऑक्टोबर २०२५ मधल्या बातमीचा नायक, २०२५ पीएन७, हाही याच जातीचा. तो जेमतेम वीसेक मीटरचा आहे, १९६० च्या दशकापासून अशाच तऱ्हेने पृथ्वीसोबत चालत आला आहे आणि २०८३ च्या सुमारास ही सोबत सोडील असे गणित आहे. या जातीचा सर्वांत आधी ओळखला गेलेला लघुग्रह तर पृथ्वीचा नसून शुक्राचा आहे. तो २००२ मध्ये सापडला आणि २०२४ मध्ये झूझ्वे या नावाने त्याची अधिकृत नोंद झाली.

सप्टेंबर २०२४ मधला २०२४ पीटी५ थोडा निराळा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँड येथील ॲटलास दुर्बिणीला तो ७ ऑगस्टला सापडला. हा सुमारे दहा मीटरचा लघुग्रह पृथ्वीजवळून इतक्या सावकाश गेला की २९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर या काळात, पृथ्वीच्या संदर्भात मोजलेली त्याची ऊर्जा बांधलेल्या वस्तूसारखी ऋण झाली. गणिताच्या व्याख्येने ती तात्पुरती पकड होती, पण त्या काळात त्याने पृथ्वीभोवती एकही फेरी मारली नाही आणि तो तीसेक लाख किलोमीटरच्या पलीकडेच राहिला. पृथ्वीसारख्याच, जवळजवळ वर्तुळाकार आणि कमी कललेल्या कक्षांत फिरणाऱ्या अशा लहान लघुग्रहांच्या गटाला खगोलशास्त्रज्ञ अर्जुन गट म्हणतात, महाभारतातल्या अर्जुनावरूनच. आपल्याकडच्या बातम्यांतही हा उल्लेख आला, पण बहुतेक ठिकाणी त्या लघुग्रहालाच अर्जुन म्हटले गेले. ते एका गटाचे नाव आहे.

इतर ग्रहांचे थोडक्यात सांगतो. मंगळाचा युरेका हा ट्रोजन १९९० मध्ये सापडला. त्याच्या आसपास त्याच्याच जातीच्या खडकाचे लहान ट्रोजन आहेत, एकाच वस्तूचे तुकडे असावेत तसे. नेपच्यूनचे डझनांनी माहीत आहेत आणि गुरूपेक्षाही मोठी वस्ती तिथे असू शकते. युरेनसचे मोजकेच आहेत. शनीचा पहिला ट्रोजन, २०१९ यूओ१४, २०२४ मध्ये ओळखला गेला आणि तोही तात्पुरताच रहिवासी आहे, कारण शनीच्या ट्रोजनांना शेजारचा गुरू स्वस्थ बसू देत नाही. सर्वांत चकित करणारा आहे तो हवाईयन नावाचा काएपाओकाआवेला: तो गुरूइतक्याच काळात, पण उलट्या दिशेने सूर्याभोवती फिरतो. प्रत्येक फेरीत त्याची आणि गुरूची दोनदा समोरासमोर गाठ पडते, एकदा आतल्या बाजूने आणि एकदा बाहेरच्या बाजूने, आणि दोन्ही वेळच्या ओढी एकमेकींना फेडून टाकतात. सुमारे दहा लाख वर्षे हे असेच चालू आहे, असे त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडले.

२००६ मध्ये ग्रहाची व्याख्या ठरली, तेव्हा ‘ग्रहाने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा’ या अटीवर काहींनी आक्षेप घेतला की ट्रोजनांमुळे गुरूचा परिसर तरी कुठे मोकळा आहे. मला हा आक्षेप पटत नाही. ट्रोजन कुठे राहणार आणि कसे झुलणार हे गुरूच ठरवतो. त्याच्या नियंत्रणाचा याहून उघड पुरावा मिळणे कठीण.

कामोओआलेवाचे प्रकरण मात्र चंद्राकडेच परत नेते. २०१६ मध्ये सापडलेला हा लघुग्रह चाळीस ते शंभर मीटरचा आहे आणि २८ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. २०२१ मध्ये बेंजामिन शार्की आणि सहकाऱ्यांनी त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. ते नेहमीच्या लघुग्रहांपेक्षा चंद्रावरून आणलेल्या खडकांशी अधिक जुळते, म्हणजे एखाद्या आघाताने चंद्रावरून उडालेला हा तुकडा असू शकतो. २०२४ पीटी५ च्या प्रकाशातही चंद्राच्या खडकाशी साम्य आढळले आहे. मे २०२५ मध्ये निघालेले चीनचे ‘त्येनवेन-२’ हे यान कामोओआलेवावरचे नमुने २०२७ च्या अखेरीस पृथ्वीवर पोहोचवणार आहे, तेव्हा याचा निकाल दगड हातात घेऊन लावता येईल.

ट्रोजनांकडे तर ‘ल्यूसी’ हे ‘नासा’चे यान ऑक्टोबर २०२१ मध्येच निघाले. वाटेत मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले दोन लघुग्रह पाहून ते १२ ऑगस्ट २०२७ रोजी ग्रीकांच्या छावणीतल्या युरिबेटीजजवळून जाईल. त्या महिन्यात गुरू सिंह राशीत असेल आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळ्याची स्नाने चालू असतील. छावणी गुरूच्या दोन राशी पुढे, म्हणजे तेव्हा साधारण तुळेच्या दिशेला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये पॉलिमेली आणि २०२८ मध्ये ल्यूकस आणि ओरस यांना भेट देऊन यान पुन्हा पृथ्वीजवळून वळेल आणि मार्च २०३३ मध्ये दुसऱ्या टोकाला, ट्रॉयच्या छावणीत, पॅट्रोक्लसपाशी पोहोचेल.

मला सर्वांत जास्त उत्सुकता पॅट्रोक्लसचीच आहे. तो एकटा नाही. २००१ मध्ये कळले की तो आणि मेनोएटियस हे शंभरेक किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ समान आकाराचे दोन लघुग्रह सुमारे ६८० किलोमीटर अंतरावरून चार दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. ट्रोजन मुळात गुरूच्या शेजारी जन्मलेले नसावेत, मोठ्या ग्रहांच्या कक्षा सौरमालेच्या बालपणी विस्कटल्या तेव्हा नेपच्यूनपलीकडच्या थंड चकतीतून फेकले जाऊन त्यांतले काही या दोन जागी अडकले असावेत, असे मत २००५ पासून पुढे आले आहे. पण इतकी सैल बांधलेली जोडी त्या गर्दीच्या चकतीत फार काळ टिकली नसती. धडकांनी तिची फाटाफूट झाली असती. जोडी शाबूत आहे, त्याअर्थी ग्रहांची ती उलथापालथ सौरमाला जन्मल्यानंतर पहिल्या दहा कोटी वर्षांतच झाली असावी, असे डेव्हिड नेस्वोर्नी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले. हे अनुमान तपासायचे तर दोघांच्या पृष्ठभागांवरची विवरे मोजावी लागतील, त्यांची घनता काढावी लागेल आणि दोघांचा रंग खरोखर एकच आहे का ते जवळून पाहावे लागेल. ‘ल्यूसी’ची उपकरणे नेमकी यासाठीच आहेत.